झाडली, सुटली

दुधाची पिशवी फुटली तेव्हा हवालदाराच्या मनात काही नव्हतं. तो दुकानाच्या पायरीवर पावाची वाट बघत उभा होता. उजवा हात पँटच्या खिशात होता आणि खिशात रबराचा निळा चेंडू. पाच महिन्यांपूर्वी गाडीचं मागचं जड दार त्या मनगटावर आपटलं होतं. हाड जुळलं, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट काही ताळ्यावर आलं नाही. पेला धरला की निसटायचा, किल्ली कुलपात जायची आणि तिथंच राहायची. दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी चेंडू देऊन सांगितलं होतं, दिवसातून दोनशे वेळा दाबायचा, जिथं असाल तिथं. हवालदार सांगितलेलं काम मोजून करणारा माणूस. एकशे चाळीस झाले होते. एकशे एक्केचाळिसाव्याला बोट ऐकेना म्हणून त्याने दात आवळले, सगळा जोर मनगटात उतरवला, आणि डाव्या हातात नुसती धरलेली पिशवी फट् करून फुटली. दूध बाहीत गेलं, पँटवरून बुटात उतरलं. दुकानदार पाव गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "हवालदारसाहेब, पिळतात ते गायीला. पिशवीला कात्री लावतात." रांगेतली माणसं हसली. हवालदारही हसला, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर. तो डाव्या हाताकडे बघत होता. चार बोटांनी फाटकी पिशवी अजून आवळून धरली होती, आणि पहिलं बोट त्यांच्यापासून थोडं सुटं, आकड्यासारखं वाकलेलं होतं. ते कशाच्या तरी आत असावं तसं.

घरी जाताना जिन्यात त्याने वरून तिसरी पायरी नेहमीसारखी सोडली. ही सवय कधी लागली ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण बायकोने विचारलं की तो म्हणायचा, गुडघ्याला बरं पडतं. बायकोला ते पटत नसे. दोन पायऱ्या एकदम चढणं गुडघ्याला बरं कसं पडेल, असं ती एकदाच म्हणाली होती. शिवाय तो नुसती सोडत नसे. त्या जागी भिंतीला चिकटून, अंग चोरून जात असे, पायरीवर कोणीतरी बसलं आहे आणि त्याला पाय लागू नये अशा बेताने. सरकारी कचेरीत, दवाखान्यात, मेव्हण्याच्या नव्या घरी, जिना कुठलाही असो, वरून तिसरी. आज बूट चिकट झाले होते आणि प्रत्येक पावलाला आवाज होत होता. बायकोने दार उघडलं, त्याला वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "दूध आणलंत की अंघोळ करून आलात?" मग त्याचा चेहरा बघून तिने बटणं काढायला हात पुढे केला. शर्टाची बटणं पाच महिने तीच लावत-काढत होती. "राहू दे," तो म्हणाला. डाव्या हाताने एकेक बटण काढायला त्याला बराच वेळ लागला. ती जवळच उभी राहिली.

व्यायामाच्या बाई वयाने त्याच्या मुलीएवढ्या होत्या आणि त्याला काका म्हणत. पुढच्या खेपेला त्याने विचारलं, "मॅडम, उजव्याने जोर लावला तर डावा का लावतो?" त्या वहीत काहीतरी लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "लावतोच. दोन्ही हातांच्या तारा वर डोक्यात शेजारी-शेजारी असतात. एकावर फार जोर आला की दुसऱ्याकडे पाझरतो." हवालदार म्हणाला, "म्हणजे माझा हात अधू झालाय म्हणून." "नाही हो काका, सगळ्यांचंच असतं. धडधाकट माणसाचंही. घसरला, दचकला, एकदम काहीतरी पकडलं, की दुसरी मूठ आपोआप बंद होते. लहान मूल कात्रीने कागद कापतं ना, त्याचा दुसरा हात बघा कधी. तोही कापत असतो." "आपोआप," हवालदार म्हणाला. "आपोआप. का हो, काय झालं?" "दुधाची पिशवी फुटली." बाई हसल्या. म्हणाल्या, चेंडू दाबताना दूध घेऊ नका, दही घ्या. तोही हसला आणि खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या आपल्या दोन हातांकडे बघत बसला. ते दोघं शेजाऱ्यांसारखे पडले होते, एकमेकांचं सगळं माहीत असलेल्या आणि बाहेर काही न बोलणाऱ्या. या हाताचं त्या हाताला कळता कामा नये, असं साहेब म्हणाले होते. अकरा वर्षं झाली. साहेब निवृत्त झाले, नंतर गेलेही. हवालदार त्यांचा उजवा हात म्हणून ओळखला जायचा.

खात्याचा नियम साधा होता. शस्त्र बाळगणाऱ्याने वर्षातून एकदा नेमबाजीची चाचणी द्यायची. पंचवीस गोळ्या, अठरा आतल्या चौकोनात. उजवा हात गेला असेल तर डाव्याने द्या, सहा आठवडे सराव मिळेल; नाही जमलं तर पिस्तूल जमा करा आणि भांडारात बसून घोंगड्या मोजा. भांडारात बसणारे सुखी होते, जाड झाले होते, दुपारी डुलक्या काढत. बायको म्हणाली, "बसा की आता. पन्नाशी उलटली, कोणावर रोखायचंय?" त्याला ते समजावून सांगता आलं नसतं. पिस्तूल परत करणं म्हणजे त्याच्या दृष्टीने कबुलीजबाब होता. अकरा वर्षं ते रोज सकाळी कमरेला लावलं होतं आणि त्या वजनातच, माझं काही चुकलं नाही, हे रोज सिद्ध होत होतं. कोणी विचारलं नव्हतं तरी.

सराव-मैदानावर उस्ताद होता. उस्तादाचं खरं नाव पगारपत्रकात तेवढं असेल. बुटका, कानाने थोडा बहिरा, त्यामुळे सगळ्यांशी ओरडून बोलणारा, आणि कानाला संरक्षक टोपणं लावल्यावरच सामान्य आवाजात बोलणारा. पहिल्या दिवशी त्याने गोळीला हातही लावू दिला नाही. रिकामं पिस्तूल हवालदाराच्या डाव्या हातात दिलं, नळीच्या टोकावर जो बारीक उंचवटा असतो, ज्याला सगळे माशी म्हणतात, तिच्यामागे एक नाणं ठेवलं आणि म्हणाला, "चाप ओढ. नाणं पडायचं नाही." नाणं पडलं. दिवसभर पडत राहिलं. "उजव्या हाताला आयुष्यभर लाडावून ठेवलंस," उस्ताद म्हणाला, "आणि याला नुसतं ओझं उचलायला ठेवलंस. डावलणं म्हणजे दुसरं काय असतं? आता तो सूड घेणार. घेऊ दे. रागवू नकोस त्याच्यावर." डावा पाय पुढे. पिस्तूल अगदी सरळ नाही, किंचित आत कललेलं, मनगटाला जिथं सोपं जाईल तिथं. अंगठा वर. आणि सगळ्यात आधी, नेम धरेपर्यंत बोट बाहेर, चौकटीला टेकवून लांब, चापावर नाही. हवालदार हे सगळं घरीही करायचा, आरशासमोर, कपड्यांचा चिमटा हातात धरून. दात डाव्या हाताने घासायचा, कुलूप डाव्याने उघडायचा, संध्याकाळी मुलीच्या जुन्या चौकटीच्या वहीत डाव्या हाताने लिहायचा. नाव, तारीख, नाव, तारीख. "लिहिताना तुमची जीभ बाहेर येते," बायको म्हणाली. "शाळेतसुद्धा यायची का?" त्याला आठवेना. उजव्या हाताचं अक्षर सुरेख होतं, धावतं, खात्यात नावाजलेलं. साहेब सगळे अहवाल त्यालाच लिहायला लावत. डाव्या हाताला धावणं ठाऊक नव्हतं. प्रत्येक अक्षराआधी ते कसं असतं ते आठवावं लागे, आणि तेवढ्यात, लिहितोय ते खरं आहे का, असा एक बिनकामाचा विचार मध्ये घुसायला जागा मिळे.

दुसऱ्या आठवड्यात गोळ्या मिळाल्या. त्या सगळ्या उजवीकडे खाली जात. कागदावर चौकोनाच्या बाहेर, एकाच कोपऱ्यात भोकांची गर्दी व्हायची. उस्तादाने मागून बघितलं आणि म्हणाला, "उजवा हात काय करतोय?" उजवा हात छातीशी होता, शिकवल्याप्रमाणे. "मूठ बघ." मूठ आवळलेली होती, इतकी की अधू अंगठासुद्धा आत वळला होता. "ती सोड. पंजा उघडा ठेव छातीवर." हवालदाराने मूठ सोडली. पुढच्या पाचांतल्या चार गोळ्या चौकोनात गेल्या. त्याला आनंद व्हायला हवा होता. उस्तादालाच झाला, त्याने हवालदाराच्या हातातून पिस्तूल घेतलं, रिकामं केलं, आत बोट घालून रिकामं असल्याची खात्री केली, त्यालाही करायला लावली आणि परत दिलं. "आता एक गंमत दाखवतो. हे नव्या पोरांना पहिल्या दिवशी दाखवतो मी. तुमच्या वेळी नव्हतं. समोर धर. मुद्दाम बोट आत घाल, चापावर, पण दाबायचं नाही. काहीही झालं तरी दाबायचं नाही. कळलं?" हवालदार म्हणाला, कळलं. त्याने बोट आत घातलं. तो समोरच्या कागदाकडे बघत असताना उस्तादाने बाजूने त्याला जोरात धक्का दिला. हवालदार कलला आणि पडू नये म्हणून त्याच्या उजव्या हाताने, त्या पेला न धरता येणाऱ्या हाताने, बाजूचा लोखंडी दांडा गपकन पकडला.

टक्.

चापाचा रिकामा आवाज. तो आवाज इतका लहान होता की बहिऱ्या उस्तादाला तो ऐकू आला नसेल, पण त्याला काय झालं ते माहीत होतं. "बघितलंस? तू दाबलंस का? नाही दाबलंस. या हाताने पकडलं, त्या हाताने दाबलं. म्हणून बोट बाहेर." तो हसला. "तरी आपल्या खात्यात गोळी कधी सुटत नाही, बरं का. कागदपत्रं काढून बघ. झाडलीच जाते." आणि रिकाम्या पुंगळ्या वेचायला वाकला. हवालदार दांडा धरून उभा राहिला. दांडा गार होता, गंजाने खरखरीत, आणि त्याच्या तळव्याला तो दांडा नव्हता, लाकडी कठडा होता, वर्षानुवर्षांच्या हातांनी गुळगुळीत झालेला, एका जागी खिळा वर आलेला. तो खिळा तेव्हा डाव्या तळव्यात रुतला होता. त्याचा पांढरा ठिपका अजून होता. अकरा वर्षांत त्याने तो कुणाला दाखवला नव्हता, कारण अहवालात डावा हात कुठंच नव्हता.

अहवालात असं होतं: कोर्टाच्या हुकुमाने खोली रिकामी करून घ्यायला गेलो असता भाडेकरू घड्याळवाला हातात चाकू घेऊन जिन्यावर आला. समज देऊनही त्याने ऐकलं नाही. तो अंगावर धावून आल्याने स्वसंरक्षणार्थ एक गोळी झाडली. यातलं पहिलं वाक्य खरं होतं. चाकू होता, खोकी उघडायचा, रुंद पात्याचा. घड्याळवाला तीन तास ओरडत होता, घरातली घड्याळं कुणी हलवली तर बघा म्हणून. बाकीचे खाली दारात थांबले आणि हवालदार एकटा वर गेला, कारण तो साहेबांचा उजवा हात होता आणि अशा माणसांशी बोलणं त्याला जमायचं. तो बोललाही. काय बोलला ते आता आठवत नव्हतं; ऐका हो, घड्याळं कोण नेतंय, असलं काहीतरी. उजव्या हातात पिस्तूल, बोट आत. बोट आत होतं ही चूक त्याची एकट्याची, ती कुठल्या तारांवर ढकलता येत नव्हती. मग घड्याळवाल्याचा आवाज बसला. त्याने एकदा मागे खोलीकडे पाहिलं, कठड्याला धरून हळूहळू खाली झाला आणि वरून तिसऱ्या पायरीवर बसला. चाकू त्याने बाजूला ठेवला नाही, पण मांडीवर आडवा ठेवला, एखादा दमलेला माणूस पिशवी ठेवतो तसा. "बसतो जरा," तो म्हणाला. हवालदाराला सुटल्यासारखं झालं. तो एक पायरी वर चढला, पायरी झिजलेली होती, बूट सरकला, डाव्या हाताने कठडा पकडला, तळव्यात खिळा घुसला, आणि जिना आवाजाने भरून गेला.

साहेब अर्ध्या तासात आले. त्यांनी हवालदाराला बाजूच्या खोलीत नेलं. भिंतीवर पंधरा-वीस घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ. हवालदार म्हणाला, "साहेब, सुटली." साहेबांनी दार लावलं. "काय म्हणालास?" "गोळी सुटली, साहेब. मी नाही..." "हे बघ," साहेब शांतपणे म्हणाले, "सुटली म्हणालास तर तू मेलास. निष्काळजीपणा, खटला, नोकरी गेली, वर मीही गेलो. झाडली म्हणालास तर कर्तव्य केलंस. चाकू आहे, पंचवीस माणसांनी ओरडणं ऐकलंय. क्रियापद बदल. एवढंच काम आहे." मग ते म्हणाले, "आणि झाडली म्हटलं की तो धावून आला पाहिजे." त्यांनी सांगितलं, त्याने लिहिलं. उजवा हात भराभर लिहीत गेला, कुठं अडखळला नाही, एकही खाडाखोड नाही. चौकशी झाली, अधिकाऱ्यांनी अक्षराचंही कौतुक केलं.

दहा दिवसांनी घड्याळवाल्याची बायको चौकीत आली. ती भांडायला आली असेल असं वाटून सगळे उठून उभे राहिले, पण ती एका वस्तूसाठी आली होती. परत मिळालेल्या सामानात गुडघ्याचा एकच पट्टा होता. घट्ट विणीचा, गुडघ्यावर चढवायचा, तपकिरी. "दोन होते," ती म्हणाली, "दोन्ही पायांना घालायचे ते." हवालदाराने भांडारात शोधून दुसरा आणून दिला. ती त्याची घडी करत राहिली. मग म्हणाली, "तुम्हीच होतात ना वर?" तो म्हणाला, हो. "त्यांना जिना चढताना मधे दोनदा बसावं लागायचं. उतरताना तर हात द्यायला लागायचा. ते धावले?" तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. वीस वर्षं ज्याला हात दिला तो माणूस शेवटी आपल्याला न सांगता धावला कसा, हे तिला कळत नव्हतं. हवालदार म्हणाला, "धावले." ती म्हणाली, "बरं," आणि दोन पट्टे एकात एक घालून घेऊन गेली. ती पुन्हा आली नाही. पण त्या दिवसापासून घड्याळवाला बसला, वरून तिसऱ्या पायरीवर, प्रत्येक जिन्यात. तो काही करत नसे. वाट अडवत नसे, बघत नसे. नुसता दम खात बसलेला असे, आणि हवालदार अंग चोरून शेजारून जाई.

चाचणी सकाळी दहाला झाली. हवालदाराने उजवा पंजा छातीवर उघडा ठेवला. बोट बाहेर, नेम, बोट आत, श्वास अर्धा सोडून चाप मागे, इतका हळू की गोळी गेल्यावरच कळावं की गेली. पंचवीसपैकी एकोणीस. उस्तादाने त्याच्या पाठीत थाप मारली आणि कानाची टोपणं काढून ओरडला, "डावललेलं पोरच शेवटी उपयोगी पडतं." मग फॉर्म घेऊन दोघं कचेरीत गेले, पहिल्या मजल्यावर. जिन्यात उस्ताद पुढे होता; तो तिसऱ्या पायरीवर सरळ पाय देऊन गेला. हवालदार भिंतीला चिकटून गेला.

कारकून फॉर्म बघून म्हणाला, "नमुना सही उजव्या हाताची आहे तुमची. डाव्याची चालेल की नाही विचारावं लागेल." उस्ताद म्हणाला, "गोळी चालते तर सही चालेल. विचार कोणाला विचारायचं त्याला." कारकून विचारून आला; चालेल म्हणाले. "द्या इकडे, बाकीचं मी भरतो," तो म्हणाला, "मागच्या वर्षीचं बघून उतरवायचंय नुसतं. तुम्ही फक्त सही करा." हवालदार म्हणाला, "मी भरतो." "अहो, जेवायची सुट्टी होईल तुमचं होईपर्यंत." "होऊ दे."

फॉर्ममध्ये नऊ रकाने होते. नाव, हुद्दा, शस्त्राचा क्रमांक. डावा हात एकेक अक्षर उभं करत गेला. सहाव्या रकान्यात विचारलं होतं: शस्त्र हाताळताना गोळी नकळत सुटल्याचा प्रसंग, होय किंवा नाही, होय असल्यास तपशील. गेली अकरा वर्षं उजव्या हाताने इथं 'नाही'खाली रेघ ओढली होती, आधीच्या रकान्याची शाई वाळायच्या आत. उस्ताद खिडकीशी उभा राहून पुंगळी नखाने घासत होता. कारकून डबा काढत होता. हवालदाराला वाटलं, रेघच ओढायची, रेघ तर कुठलाही हात ओढतो. पिस्तूल टेबलावर होतं, त्याचंच, आज पुन्हा मिळालेलं. सही केली की ते कमरेला जाणार होतं. नाही केली, किंवा दुसरं काही लिहिलं, तर काय काय जाईल ते साहेबांनी घड्याळांच्या खोलीत मोजून सांगितलं होतं आणि त्यातलं काहीच आज कमी झालं नव्हतं. बायकोलाही ते ऐकावं लागणार होतं. त्याने पेन टेकवलं. 'नाही'च्या आधी 'होय' होतं. हात तिथं थांबला, कारण त्याला भराभर पुढे जाता येत नव्हतं.

त्याने 'होय'खाली रेघ ओढली. ती वाकडी आली. कारकून डब्याचं झाकण हातात धरून म्हणाला, "साहेब, चुकीच्या जागी ओढलीत. थांबा, नवा फॉर्म देतो." उस्तादाने खिडकीतून मान वळवली, हवालदाराच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे. "राहू दे," तो कारकुनाला म्हणाला, पहिल्यांदाच हळू आवाजात. "त्याला लिहू दे."

कागद सरकू नये म्हणून हवालदाराने उजवा पंजा त्यावर ठेवला, बोटं पसरून, मोकळा. आधी तारीख लिहिली, अकरा वर्षांपूर्वीची. मग लिहिलं, जिन्यात पाय घसरला, डाव्या हाताने कठडा धरला, उजव्या हातातली गोळी सुटली. 'सुटली'मधल्या 'सु'ला त्याने बराच वेळ घेतला. रकाना इथंच संपत होता. तो समासात गेला. जीभ बाहेर आली होती हे त्याला कळलं आणि त्याने ती आत घेतली नाही. समासात जागा थोडी होती, तीन शब्दांपुरती. शाळेतल्या पोराच्या मोठ्या, हेलपाटत्या अक्षरांत त्याने लिहिलं, ते बसलेले होते.